हिऱ्यामागचा डांक

गेल्या श्रावणात आत्याने माझ्यापुढे एक पितळी डबी ठेवली. आत कापसावर हिऱ्याच्या दोन कुड्या होत्या. मधे एक आणि भोवती सहा, असे प्रत्येकीत सात हिरे. पण एका कुडीतले दोन हिरे राखेसारखे काळवंडले होते, आणि त्यामुळे आत्याची अशी समजूत झाली होती की ते हिरे नव्हेतच, तिच्या सासूबाईंना कोणीतरी काच देऊन फसवले होते. ‘‘अगं, हिरा कधी काळा पडतो का? तूच सांग,’’ असे म्हणताना तिचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

मी भिंग डोळ्याला लावले. चौदाही खडे अस्सल हिरे होते. पातळ, चपटे, मक्याच्या पोह्यासारखे. एकाचा आकार दुसऱ्याशी जुळत नव्हता आणि कडा जशा निघाल्या तशाच राखलेल्या होत्या. आजकाल ज्याला पोलकी म्हणतात, तो हा हिरा. काळे पडलेल्या दोन हिऱ्यांच्या कडेला कोंदणाला केसाएवढी फट गेली होती. त्या फटीतून वर्षानुवर्षे पाणी आणि साबण आत झिरपला होता आणि हिऱ्याखाली बसवलेला चांदीचा पातळ पत्रा, म्हणजे डांक, काळा पडला होता. हिरा काळा पडत नाही, त्याच्यामागचा डांक काळा पडतो, हे मी आत्याला सांगितले तेव्हा तिने पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि मग सासूबाईंचे नाव घेऊन डोळे पुसले.

मी गेली 22 वर्षे इंदूरमध्ये दागिन्यांची चित्रे काढते. सराफ्यातले कारागीर माझ्या कागदावरून काम करतात, म्हणून दागिना मागून कसा बांधलेला असतो हे मला पुढून तो कसा दिसतो याच्याइतकेच ठाऊक आहे. हिऱ्याच्या दागिन्यांविषयी जे लिहिले जाते त्यात बहुधा हिऱ्याचे वजन, त्याची किंमत आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला एवढेच असते. माझे मत असे आहे की दागिन्याची घडण दोन गोष्टींनी ठरत आली आहे: तो कोणत्या उजेडात पाहिला जाणार आणि तो कोणत्या कापडाशेजारी बसणार. हिरा तसाच राहतो. बदलतो तो त्याच्यामागचा आणि भोवतीचा भाग, आणि फॅशनचा सगळा इतिहास त्या भागात असतो.

आपल्याकडची सुरुवात अगदी जवळची आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त हिऱ्याची परीक्षा सांगितली आहे. उत्तम वज्र कोणत्याही पदार्थाने भेदले जात नाही, वजनाला हलके असते, पाण्यावर तरते, त्यातून किरण फाकतात आणि ते वीज, अग्नी किंवा इंद्रधनुष्यासारखे दिसते, असे तो म्हणतो. पाण्यावर तरण्याची गोष्ट खरी नाही, पण वीज, अग्नी आणि इंद्रधनुष्य या तीन उपमा पाहिल्या म्हणजे त्या काळी हिऱ्याला पैलू पाडण्याची कला नसतानाही माणसाने त्यात काय पाहिले होते ते कळते. हिरा खाणीतून निघतो तो पुष्कळदा दोन चौकोनी मनोरे तळाशी तळ लावून जोडल्यासारखा, आठ बाजूंचा आणि सहा टोकांचा. आपल्या पूर्वजांनी त्या नैसर्गिक आकारालाच पूर्ण मानले.

अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशापर्यंत जगाला हिरा मुख्यत्वे भारतातूनच मिळत असे, आणि त्यातही कृष्णेच्या काठची कोल्लूरची खाण आणि गोवळकोंड्याचा बाजार यांची कीर्ती सर्वांत मोठी होती. आपल्या मध्य प्रदेशातल्या पन्न्याला तर आजही हिरे निघतात. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए या खाणींवर गेला होता आणि त्याने एक नेमकी गोष्ट टिपून ठेवली आहे: हिरा निर्दोष असला तर इथले कारागीर त्याला चाकावर नुसता वरखाली स्पर्श करवून सोडून देतात, आणि त्यात डाग असला तरच तो झाकण्यासाठी बारीक पैलूंची गर्दी करतात. म्हणजे पैलू हे तेव्हा आपल्याकडे दोष लपवण्याचे साधन होते. वजन राखणे हा धर्म होता, आणि चमक आणण्याचे काम हिऱ्याने नव्हे तर डांकाने करायचे होते.

हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. सोन्याच्या घरात लाख भरायची, तिच्यावर चकचकीत डांक बसवायचा, त्यावर हिरा ठेवायचा आणि मग शुद्ध सोन्याची मऊ पट्टी कडेने दाबत दाबत हिरा त्यात बंद करायचा. शुद्ध सोने थंड असतानाही दाबाने आपल्याच अंगाशी जुळते, त्यामुळे आच लागत नाही. याला आपण कुंदनाचे काम म्हणतो. जडावाच्या दागिन्यात मागच्या बाजूला, जी फक्त अंगाला लागते आणि कोणालाही दिसत नाही, मीनाकारी केलेली असते. दिसणार नाही अशा जागी एवढे कष्ट घेणाऱ्या माणसांविषयी मला अतोनात आदर वाटतो.

आता हा दागिना कोणत्या कापडाशेजारी बसत होता ते पाहू. नऊवारी नेसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईचा चेहरा, गळ्याचा थोडासा भाग आणि हात एवढेच दिसत. मराठी दागिन्यांची सगळी बुद्धी त्या जागेत एकवटली आहे. नथ चेहऱ्याच्या मधोमध येते, कुडी पदराच्या काठाला लागून कानाच्या पाळीवर घट्ट बसते आणि लोंबत नाही, कारण लोंबणारे काही असले तर ते पदरात अडकेल. तन्मणीत मोत्यांचे सर एकत्र येतात आणि समोर जडावाचे खोड, म्हणजे पदक, येते, ते बरोबर पदराच्या दोन कडांमध्ये दिसणाऱ्या जागेत. त्या खोडात चपटे हिरे, माणिक, पाचू असत. आणि हे सारे समईच्या, पलित्याच्या किंवा अंगणातल्या उन्हाच्या उजेडात पाहिले जाई. चपटा पोलकी हिरा हलत्या ज्योतीपुढे धरला तर त्यातून बारीक ठिणग्या निघत नाहीत. संपूर्ण पृष्ठभाग एकदम पाण्यासारखा उजळतो आणि विझतो. पुरुषांच्या पगडीवरचा शिरपेच आणि कलगी यांचेही तेच. त्या काळी हिरा हा नुसता बायकांचा दागिना नव्हता, तो सत्तेचा दागिना होता आणि राजे तो राण्यांपेक्षा जास्त घालत.

युरोपात हिरा जाऊन पोहोचला तेव्हा तिथल्या लोकांना वजनाचे एवढे प्रेम नव्हते. त्यांनी आधी वरचे टोक घासून सपाट मेजासारखा आकार केला, मग सोळाव्या शतकापासून तळ सपाट आणि माथा कळीसारखा असा रोझ कट आला. 1477 साली आर्चड्यूक मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, आणि साखरपुड्याच्या हिऱ्याची गोष्ट सांगताना सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण त्या अंगठीतले हिरे आज कोणी पाहिले तर त्यांना ते गडद आणि मंद वाटतील. खरा बदल ब्राझीलच्या खाणींमुळे झाला. 1720 नंतर तिथून हिरे येऊ लागले, माल वाढला, आणि माल वाढला की थोडे वजन गमावून चमक कमावण्याची हिंमत येते. वर पुष्कळ पैलू आणि खाली निमुळता तळ असलेला ब्रिलियंट कट त्याच काळात रुजला.

त्याच शतकात युरोपच्या दरबारी समाजात रात्रीचा पोशाख आणि दिवसाचा पोशाख वेगळे झाले. मेणबत्त्यांनी उजळलेल्या दालनात, खोल गळ्याच्या रेशमी झग्यावर, हिरा रात्रीचा दागिना ठरला आणि रंगीत खडे दिवसाकडे गेले. झग्याच्या छातीवरच्या त्रिकोणी भागाला शिवलेले मोठे हिऱ्याचे जडाव, तीन लोलकांची कर्णभूषणे, आणि बारीक स्प्रिंगवर बसवलेली फुले, जी बाई चालू लागली की थरथरत आणि मेणबत्तीचा प्रकाश सगळीकडे उडवत. स्प्रिंगवरच्या त्या फुलात एका कारागिराला पूर्ण उमगले होते की हिऱ्याला उजेड पुरत नाही, हालचालही लागते. आणि एक गोष्ट मला फार जवळची वाटते: त्या काळापर्यंत युरोपातही हिरे मागून बंद असत आणि त्यांच्यामागे डांक लावलेला असे. दागिन्याची पाठ उघडी ठेवून मागूनही उजेड येऊ देण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हळूहळू सर्वत्र झाली. तिथून मात्र आपली आणि त्यांची वाट वेगळी झाली.

या दोन वाटा एकमेकींना कशा भिडल्या, हे नाशिकच्या हिऱ्यावरून कळते. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी जोडला गेलेला हा हिरा 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती गेला. सुमारे 90 कॅरेटचा तो दगड भारतीय पद्धतीने, वजन राखून घडवलेला होता. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला पुन्हा पैलू पाडले, पण मूळ आकार शक्य तितका सांभाळून. 1837 मध्ये तो मार्क्वेस ऑफ वेस्टमिन्स्टरने घेतला आणि आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. पुढे 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने त्याचा लांबट चौकोनी एमराल्ड कट केला आणि वजन उरले 43.38 कॅरेट. कोहिनूरचे तेच झाले. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात तो पाहून लोक निराश झाले, कारण त्यांचा डोळा ब्रिलियंट कटाला सरावला होता. पुढच्या वर्षी त्याला पैलू पाडले गेले आणि सुमारे 186 कॅरेटचा हिरा 105.6 कॅरेटवर आला. या दोन्ही दगडांकडे मी नेहमी एकाच दृष्टीने पाहते: दोष हिऱ्यात नव्हता, उजेड परका होता.

उलट दिशेचा प्रवासही झाला. 1853 मध्ये ब्राझीलमध्ये सापडलेला ‘स्टार ऑफ द साउथ’, ॲमस्टरडॅमला पैलू पाडून सुमारे 128 कॅरेटचा झालेला, बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी 80,000 पौंडांना विकत घेतला. ज्या देशातून हिरे बाहेर जात होते त्या देशातल्या एका मराठी राजाने परदेशी खाणीतला, परदेशी चाकावरचा हिरा मागवला, तेव्हाच इथली आवड बदलू लागली होती. सयाजीराव महाराजांच्या छायाचित्रांत हिऱ्यांच्या सरांच्या त्या प्रसिद्ध हारात तो दिसतो. हिरे नवे आहेत, पण हाराची ठेवण अजून आपली आहे.

1867 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले आणि 1871 पासून तिथल्या किंबर्लीच्या खाणीचा खड्डा खोल होऊ लागला. मग गोष्टी फार वेगाने घडल्या. 1886 मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांनी अंगठीच्या वर्तुळातून हिरा वर उचलून सहा बारीक पंजांत धरला. आज जी अंगठी आपल्याला स्वाभाविक वाटते ती तेव्हा नवी होती, कारण तिच्यात धातू जवळजवळ दिसतच नव्हता. विजेचे दिवे आले. आणि 1900 च्या आसपास प्लॅटिनम आले. चांदी मऊ असते आणि काळी पडते, सोने हिऱ्यात पिवळी झाक टाकते. प्लॅटिनम मात्र इतके चिवट असते की त्याची सुईसारखी तार करूनही हिरा सुटत नाही. पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांनी त्यातून लेसच्या जाळीसारखे हार आणि मुकुट घडवले. त्या वेळी बायका फिकट रंगाचे, लेस आणि शिफॉनचे पोशाख घालत होत्या, आणि दागिनाही लेसचाच झाला. कापडाने धातूला शिकवल्याचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. 1919 मध्ये मार्सेल तोल्कोव्स्की या अभियंत्याने गणित मांडून दाखवले की हिऱ्यात शिरलेला उजेड खालून निसटून न जाता वरूनच परत यावा, तर तळाचा उतार किती अंशांचा हवा. त्या हिशेबावर आजचा 57-58 पैलूंचा गोल हिरा उभा आहे. डांकाचे काम आता भूमितीने आपल्याकडे घेतले होते.

आणि इथे इंदूर येते. 1913 मध्ये तुकोजीराव होळकर तिसरे यांनी पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्यांकडून थेंबाच्या आकाराचे दोन हिरे घेतले. एक 46.95 कॅरेट, दुसरा 46.70. दोन्ही गोवळकोंड्याचे. म्हणजे हे दगड हिंदुस्थानातून गेले, पॅरिसमध्ये जडवले गेले आणि पुन्हा हिंदुस्थानात, मल्हाररावांच्या गादीवर आले. शोमेने ते एका बारीक हारात असे लावले की दोन्ही थेंब समान उंचीवर न राहता खालीवर लोंबतील. आपल्या जुन्या दागिन्यांत सगळे कसे दोन्हीकडे सारखे असते. कुडी घ्या, शिरपेच घ्या, तन्मणीचे खोड घ्या. हा हार मात्र मुद्दाम विषम होता. 1926 मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली आणि त्यांचे चिरंजीव यशवंतराव दुसरे आले.

यशवंतराव आणि त्यांच्या पत्नी संयोगिताराणी यांनी जे केले ते इंदूरच्या लोकांनीसुद्धा नीट जाणून घ्यावे असे मला फार मनापासून वाटते. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून त्यांनी 1930 नंतर माणिकबाग हा राजवाडा उभारून घेतला. आज तिथे सरकारी कर खात्याचे कार्यालय आहे आणि आपण त्याच्यावरून रोज जातो. सरळ रेषा, काच, धातू, कमीत कमी नक्षी. रुलमान, आयलीन ग्रे, ल कोर्ब्युझिए अशा युरोपातल्या नामवंत रचनाकारांनी रचलेले सामान त्या घरात होते. अशा घरात जुना जडाव शोभला नसता. 1933 मध्ये मोबूसाँ हे पॅरिसचे जवाहिरे इंदूर दरबाराचे अधिकृत जवाहिरे झाले आणि त्या दोन थेंबांना नवी, भौमितिक घडण मिळाली. माणिकबागेची खिडकी आणि तो हार एकाच विचारातून आले आहेत, असे मी चित्रकाराच्या नजरेने निश्चित सांगू शकते.

त्या विचाराचे मूळ पोशाखात होते. 1920 च्या दशकात युरोपातल्या बायकांनी केस कापले, कान आणि मान उघडी पडली, म्हणून कर्णभूषणे खांद्यापर्यंत लांबली. कंबर खाली सरकली आणि झगा सरळ झाला, म्हणून पोटापर्यंत येणारे लांब सर आले, जे नाचताना झुलत. बाह्या गेल्या, म्हणून दंडापर्यंत कडी चढली. मुकुट कपाळावर उतरून पट्टा झाला. 1925 च्या पॅरिसच्या प्रदर्शनाने ज्या शैलीला पुढे आर्ट डेको हे नाव मिळाले तिच्यात हिऱ्यालाही विटेसारखा लांब चौकोनी बॅगेट कट मिळाला, जेणेकरून रेषा ओढता यावी. याच काळात भारतीय संस्थानिकांच्या पेट्या पॅरिसला जात होत्या. पतियाळाच्या महाराजांसाठी 1928 मध्ये कार्तिएने 2,930 हिऱ्यांचा हार पूर्ण केला. आणि आपल्याकडचे कोरीव पाचू-माणिक, खांद्यावरून लोंबणारे गोंडे, पगडीची कलगी हे सारे तिथल्या बायकांच्या केसांत आणि गळ्यात जाऊन बसले. इथला पुरुषांचा दागिना तिथे बायकांचा झाला, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन चित्रे काढली. 1929 च्या चित्रात ते पाश्चात्त्य संध्याकाळच्या पोशाखात आहेत, काळ्या कोटात आणि खांद्यावरून सोडलेल्या केपमध्ये, उंच आणि सडपातळ. तिथे दागिन्याला जागाच नाही. 1934 च्या चित्रात तेच महाराज मराठा पोशाखात, होळकरी पगडी घालून बसले आहेत आणि गळ्यात ते दोन थेंब आहेत. मी त्या चित्राच्या छापील प्रतीवरून ते थेंब कितीदा तरी काढून पाहिले आहेत. पांढऱ्या अंगरख्यावर पांढरे हिरे, मधे रंग नाही, सोने नाही. मराठी पोशाखाची साधी बाजू आणि पॅरिसची साधी बाजू तिथे एकमेकींना ओळखतात. पेशवाईतल्या सरदाराच्या गळ्यात हेच हिरे असते तर माणिक-पाचूंच्या गर्दीत असते. 1937 मध्ये संयोगिताराणी ऐन तारुण्यात गेल्या, आणि माणिकबागेचे ते दिवस तिथेच संपले.

पोशाख घडवणाऱ्या प्रसिद्ध कोको शानेलने 1932 मध्ये पॅरिसमध्ये फक्त हिऱ्यांचे प्रदर्शन भरवले होते, तेही मंदीच्या काळात. आयुष्यभर खोटे मोती मिरवायला शिकवणाऱ्या या बाईने तारे, धूमकेतू आणि फिती अशा आकारांत हिरे मांडले, ते मेणाच्या पुतळ्यांवर, त्यांच्या केसांत आणि खांद्यांवर. दागिना पेटीत नव्हे तर अंगावर पाहावा, हे तिने दुकानदारांना शिकवले असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे त्या वेळचा मोठा बदल साडीने घडवला. बडोद्याच्या सयाजीरावांची कन्या इंदिराराजे, ज्या पुढे कूचबिहारच्या महाराणी झाल्या, त्यांनी फ्रेंच शिफॉनची साडी रूढ केली असे मानले जाते. शिफॉन जडाव पेलत नाही. कोंदणाच्या कडेला धागा अडकतो आणि वजनाने पदर घसरतो. त्या साडीवर मोत्यांचे सर आणि प्लॅटिनममधले हलके हिरे आले, आणि खांद्यावर पदर धरायला ब्रोच. आमच्या घरातल्या जुन्या छायाचित्रांत 1940 नंतरच्या सगळ्या सुनांच्या डाव्या खांद्यावर ब्रोच आहे, आणि त्यांच्या सासवांच्या एकीच्याही नाही. डोक्यावरचा पदर उतरला तशी कुडीची सक्तीही गेली; कानात लोंबते डूल येऊ शकले.

1946 मध्ये यशवंतरावांनी ते दोन थेंब हॅरी विन्स्टनला विकले. विन्स्टनने त्यांना पुन्हा पैलू पाडले. आज ते प्रत्येकी सुमारे 44 कॅरेटचे आहेत आणि जगभर ‘इंदूर पेअर्स’ (पेअर म्हणजे नासपती) याच नावाने ओळखले जातात. हिरे आहेत, नाव आहे. पण शोमेने 1913 मध्ये जे खालीवर लोंबणे साधले होते ते आता फक्त कागदावर आणि चित्रात आहे. पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने ‘हिरा सदैव असतो’ अशा अर्थाचे चार शब्दांचे वाक्य लिहिले आणि एका खड्याची अंगठी घराघरांत गेली. ते वाक्य हिऱ्यापुरते खरे आहे. दागिन्याला ते लागू पडत नाही, आणि माझी सगळी खंत इथेच आहे.

सराफ्यात दिवसभर माझ्यासमोर हे घडते. कुणीतरी आजीचा दागिना घेऊन येते, काट्यावर सोने उतरते, घट सांगितली जाते, हिरे कागदाच्या पुडीत बांधले जातात आणि कोंदण वितळते. पोलकी हिऱ्याला तर पुष्कळदा किंमतच मिळत नाही, कारण तो आजच्या मोजपट्टीवर बसत नाही. माझ्या आईच्या तन्मणीचे तसेच झाले. 1988 मध्ये तिने ते खोड फक्त सैल झालेले माणिक बसवून घ्यायला एका दुकानात दिले होते. परत आला तो मंगळसूत्राचा पदक. दुकानदाराने परस्पर ‘‘जुने कोण घालतो’’ म्हणून मोडून नवा करून दिला होता आणि हिऱ्यांचे वजन चिठ्ठीवर बरोबर लिहिले होते. हिरे खरेच पूर्ण होते. आई भांडली नाही, पण तिने तो पदक कधी घातला नाही. आज सगळ्या दुकानांत मंगळसूत्राच्या हिऱ्याच्या पदकाला ‘तन्मणिया’ म्हणतात. शब्द आमच्या घरातून गेला असे वाटावे इतका ओळखीचा, आणि वस्तू पूर्ण निराळी.

प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांविषयी मला अनेकजणी विचारतात. ते हिरेच असतात, काच नव्हे. 1954 मध्ये अमेरिकेत ट्रेसी हॉल या रसायनशास्त्रज्ञाने दाबाखाली ते पहिल्यांदा खात्रीने करून दाखवले आणि आता सुरतेत ते मोठ्या प्रमाणावर तयार होतात. मला त्यांच्याविषयी तक्रार नाही, उलट आशा आहे. दगड स्वस्त झाला तर पैसे घडणावळीकडे वळतील आणि बायका पुन्हा घडणीकडे पाहू लागतील. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे तीन मुली अशा आल्या की ज्यांना अशा हिऱ्यांत, पण जुन्या आकाराच्या, सात खड्यांच्या कुड्या हव्या होत्या. एकीच्या चित्रावर मी पाठीला मीनाकारी काढली आणि तिने ती खोडली नाही.

आत्याच्या कुडीसाठी मी सराफ्यातल्या एका वयस्कर बंगाली कारागिराकडे गेले. आधी दोन्ही कुड्या समोरून, बाजूने आणि मागून मोजून मूळ मापात काढून घेतल्या, एकेक हिऱ्याची वेडीवाकडी कड धरून, कारण उद्या काही झाले तर निदान कागद उरावा. त्याने जुन्या चिमट्याने कडेची सोन्याची पट्टी उचलली, तेव्हा खालून आलेला काळा चुरा माझ्या तळहातावर मावेल एवढाही नव्हता. नव्या डिंकाने भागवू का, असे त्याने विचारले. मी लाखच हवी म्हटले. तो हसला आणि म्हणाला की लाख वितळवायची भट्टी त्याला महिन्याभराने पेटवायला मिळते आहे. डांक त्याने सातही हिऱ्यांखालचा बदलला, म्हणजे एका कुडीत तरी सगळे सारखे दिसतील. दुसऱ्या कुडीला मी हात लावू दिला नाही. तिच्यातला डांक शंभर वर्षांचा असेल आणि अजून धडधाकट होता.

काम होऊन आले तेव्हा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन कुड्यांत फरक स्पष्ट दिसत होता. एक पांढरी चकचकीत, दुसरी किंचित दुधाळ, पिवळसर. मला चुटपुट लागली आणि आत्यालाही ते सांगून ठेवले. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या तेव्हा तिने त्या कुड्या आधी देवीच्या मुखवट्याला लावल्या आणि रात्री आरतीच्या वेळी स्वतः घातल्या. समोर दोन समया होत्या आणि हातात निरांजन. ती आरती ओवाळत वळली तशी दोन्ही कानांतले चौदा हिरे एकदम उजळले आणि मंदावले, पुन्हा उजळले. नव्या डांकाची कुडी कोणत्या कानात आहे ते मी शोधत राहिले. आरती संपल्यावर आत्यालाच विचारले, तिलाही आठवेना.